‘अनुभव : निरंक’ असं मुलांना लिहू देऊ नका



बारावीचा निकाल लागला, दाखले वाटून झाले, की शाळेच्या ऑफिसबाहेर एक दुसरीच गर्दी सुरू होते. कुणाला एमआयडीसीत अर्ज टाकायचा असतो, कुणाला पतसंस्थेत, कुणाला तालुक्याच्या मोबाईलच्या दुकानात. कुणी आयटीआय करून आता शिकाऊ उमेदवारीच्या मागे असतो. हातात झेरॉक्सच्या दुकानातून करून आणलेला बायोडाटा असतो. "बाई, जरा नजर टाकता का?" बायोडाटा हा शब्द आपल्याकडे लग्नामुळे घरोघरी पोचला. त्यामुळे दुकानदाराकडे नमुना एकच असतो आणि नोकरीच्या अर्जातही उंची, रक्तगट, मामाचं गाव असं सगळं छापून येतं. एका मुलाने तर रासही तशीच ठेवली होती. ते खोडता येतं. मला खटकतो तो तळाचा रकाना. अनुभव : निरंक.

निरंक हा आपला, म्हणजे शिक्षकांचा लाडका शब्द. वर कुठली माहिती पाठवायची झाली आणि सांगण्यासारखं काही नसलं, की आपण निरंक लिहून मोकळे होतो. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात कामाचा अनुभव निरंक असतो यावर माझा विश्वास नाही. निदान आमच्याकडच्या, शेती-दुकान-धंदा करणाऱ्या घरांतल्या मुलांच्या बाबतीत तर नाहीच. अनुभव असतो. फक्त त्याला अनुभव म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो चार लोकांपुढे मांडायचा कसा हे कुणी शिकवलेलं नसतं. हे शिकवणं आपलं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

मागच्या वर्षी असाच एक मुलगा आला. कॉमर्सचा. अनुभवापुढे निरंक, छंदापुढे क्रिकेट. त्याच्या वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे हे मला माहीत होतं. विचारलं, "केंद्रावर बसतोस ना रे?" म्हणाला, "हो, पण ते घरचंच आहे बाई." घरचं आहे म्हणजे काम नाही, असा त्याचा हिशेब! मग मी एकेक विचारत गेले. कधीपासून बसतोस? नववीपासून, सकाळच्या वेळेला. किती जण दूध घालतात? साठ-पासष्ट. तू नक्की काय करतोस? तर दुधाचा नमुना घ्यायचा, मशीनवर फॅट आणि एसएनएफ बघायचं, दरपत्रकावरून दर लावायचा, पावती द्यायची, वहीत नोंद करायची आणि दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढायचं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या खाली लागलं की पैसे कापले जातात. म्हणून मी विचारलं, "फॅट कमी लागली म्हणून कुणी भांडत नाही?" इथे पोरगं खुललं. "रोज भांडतात बाई! मग मी त्यांच्यासमोर नमुना परत लावतो. दुसऱ्यांदा पण तेवढीच आली की गप बसतात. एक आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही. त्यांना आकडा मोठ्याने सांगावा लागतो, नाहीतर त्यांना वाटतं पोरगं फसवतंय."

आता तुम्हीच सांगा, पतसंस्थेला दुसरं काय हवं असतं? पैशाची चोख नोंद, रोज ठरल्या वेळेला हजर राहणं, आणि चिडलेल्या माणसाशी आपण न चिडता बोलणं. हे सगळं त्या मुलाकडे चार वर्षांपासून होतं आणि तो निरंक लिहून आला होता.

आम्ही बसून तीन ओळी लिहिल्या. ‘वडिलांच्या दूध संकलन केंद्रावर इयत्ता नववीपासून रोज सकाळी दोन तास काम. सुमारे ६० उत्पादकांच्या दुधाची तपासणी करणे, दर लावणे, पावती देणे, दहा दिवसांचे बिल तयार करणे. फॅटबद्दलच्या तक्रारी उत्पादकासमोर पुन्हा तपासणी करून मिटवणे.’ बस्स, एवढंच. हा अनुभव आहे असं सांगितल्याबरोबर त्याने विचारलं होतं, "मग डेअरी मॅनेजर लिहू का?" अजिबात नको. मॅनेजर लिहिलंस की समोरचा विचारणार, हाताखाली किती माणसं होती? तिथेच गाडी अडली. म्हणून मुलांना मी सांगते की हुद्दा लिहू नका, जे केलं ते क्रियापदात लिहा. तपासले, मोजले, नोंदवले, पोचवले, दुरुस्त केले. मराठी शिकवणाऱ्या बाईचा सल्ला म्हणा हवं तर.

मुलं विचारतात, मग काय काय धरायचं? घरात पाणी भरलं तेही धरायचं का? माझी कसोटी साधी आहे. तू ते काम एक दिवस केलं नसतंस, तर घराबाहेरच्या कुणाचं तरी अडलं असतं का? अडलं असतं तर तो अनुभव. गणेश मंडळाची पावतीपुस्तकं सांभाळून शेवटी वर्गणीचा हिशेब ज्याने फळ्यावर लावला, त्याने अनुभव घेतला. नुसता मिरवणुकीत नाचला त्याने नाही. एनएसएसमध्ये मुलं दोन वर्षांत २४० तास काम करतात, सात दिवसांच्या निवासी शिबिराला जातात, आणि बायोडाट्यात लिहितात ‘एनएसएस स्वयंसेवक’. दोन शब्द! अरे, त्या शिबिरात तू सकाळी पाचला उठून इतक्या जणांचा चहा केलास, गावात घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरून आणलेस, ते कुठे गेलं?

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. मुलं अनुभव लपवतात त्यामागे कधी कधी अज्ञान नसतं, लाज असते. आमच्या एका विद्यार्थिनीची आई डबे करते. रोज चाळीस डबे. मुलगी पहाटे पोळ्या लाटायला बसते, महिन्याचा हिशेब तीच ठेवते, कुणाचे पैसे थकले तर फोनही तीच करते. वर्गात मात्र तिने हे कधी उच्चारलं नव्हतं. ‘आई गृहिणी’ असंच सगळ्या फॉर्मवर. हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करताना हे निघालं. मी म्हटलं, हे सांगितलंस तर तुझ्यासारखी दुसरी उमेदवार मिळायची नाही. ती म्हणाली, "आईला विचारते." मला ते आवडलं. काय सांगायचं आणि काय नाही हे त्या घराने ठरवायचं असतं, बाईंनी नाही. काही कामांना आपल्या समाजाने जात चिकटवून ठेवली आहे, ती कामं मुलाने सर्वांसमोर सांगावीत असा आग्रह कुणीही धरू नये. पण आईने स्वतः म्हटलं, "सांग की, चोरी केली का आपण?" तर मुलीचा आवाजच बदलतो. इथे तसंच झालं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ‘लहानपणापासून राबलं की माणूस घडतो’ असली भाषणं सुरू होतात. बीडकडून आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून ऊसतोडीला कोयत्याबरोबर जी मुलं जातात, दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होतात आणि उन्हाळ्यात परत येतात, त्यांच्या कामाला मी अनुभव म्हणणार नाही. शाळा हिरावून घेणारं काम हे मुलाचं नुकसान आहे, त्याला गोंडस नाव देऊ नये. कायदाही स्पष्ट आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत चालते. चौदा ते अठरा वयोगटाला खाणी, स्फोटकं, धोकादायक प्रक्रिया असलेल्या ठिकाणी मनाई आहे. तेव्हा ‘सुट्टीत कुठेतरी लावून टाकू’ म्हणणाऱ्या पालकांनी आधी मुलाचं वय आणि कामाची जागा बघावी.

खरं तर शाळेत यासाठी एक विषयच होता. आठवतोय ना, कार्यानुभव? हा शब्द आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) रुळवला. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाने हाताने काहीतरी उपयोगी काम करावं, ही कल्पना. त्याच्याही आधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती. आणि सातारकरांना तर हे सांगायलाच नको, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातली मुलं शेतात राबून, स्वयंपाक करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ आजही कॉलेजांत चालतं. म्हणजे विचार घरचाच होता. त्याचं आपण काय केलं? क्रेप कागदाची फुलं, आइसक्रीमच्या काड्यांचं घर, आणि तेही निम्म्या वेळा आईने रात्री जागून केलेलं. शिक्षकाने श्रेणी द्यायची आणि वस्तू कपाटावर धूळ खात पडायची. ती वस्तू कुणालाच नको असते, मग मुलाला तरी त्यातून काय मिळणार?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम अनेक शाळांनी घेतला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, खाद्यपदार्थ, मातीपरीक्षण अशी कामं करतात, शिकवायला गावातलेच कारागीर असतात, आणि जमेल तिथे काम गावातल्या कुणासाठी तरी असतं. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाकाचा पाय नीट जोडला नाही तर त्यावर बसणारा माणूस पडतो, आणि तो येऊन सांगतो! क्रेप कागदाचं फूल कुणाला पाडत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकणं सांगितलं आहे. आता ते दहा दिवस खरोखर सुताराच्या दुकानात जातात की सहल आणि फोटोत, हे तुमच्या-माझ्या हातात आहे.

ज्यांच्या घरी धंदा नाही, शेती नाही, आई-वडील दोघं नोकरीला, अशी मुलं काय करणार? त्यांनी मागायला शिकायचं. दहावीला आपण मागणीपत्र शिकवतो, पण त्यात मूल रोपं मागतं, पुस्तकं मागतं. काम मागणारं पत्र मी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन लिहून घेते. बारावीच्या मराठीत मुलाखत हा घटक आहे, पण तिथे मूल मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत असतं. देणाऱ्याच्या खुर्चीत त्याला आपण कधी बसवत नाही.

कुठे मागायचं? मोठ्या कंपनीच्या गेटवर जाऊन उपयोग नसतो, वॉचमनच परत पाठवतो. सार्वजनिक वाचनालय, कृषी सेवा केंद्र, औषधाचं दुकान, छापखाना, फोटो स्टुडिओ, सायकल-मोटारसायकलचं गॅरेज, रोपवाटिका, सीएचं ऑफिस. जिथे मालक स्वतः बसतो अशी जागा बघायची. दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसताना जायचं, सकाळच्या गर्दीत नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीतले पंधरा दिवस मागायचे, रोजचे तीन-चार तास. पालकांपैकी एकाने पहिल्या दिवशी सोबत जाऊन जागा बघून यावी. मुलींच्या बाबतीत पालक घाबरतात, ते मी समजू शकते. म्हणून मुलींना घरीच बसवायचं हे मात्र पटत नाही. दोन मैत्रिणी एकत्र, उजेडी परत, आणि शाळेच्या वहीत नोंद, एवढं केलं की बरेच पालक तयार होतात असा आमचा अनुभव.

पैसे घ्यावेत का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. काही सरांचं म्हणणं, शिकायला मिळतंय तर पैसे कशाला. मला वाटतं, पंधरा दिवस शिकण्याचे म्हणून ठीक. त्यापुढे मूल हाताशी आलं, मालक त्याच्या भरवशावर जेवायला घरी जाऊ लागला, तर तो मोबदला देणं लागतो. फुकट राबण्याची सवय वाईट, आणि राबवून घेण्याची त्याहून वाईट. नियमाने शिकायचं असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन मिळतंच. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तीही अठरा ते पस्तीस वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन ठरवलं. या योजनेतून बाहेर पडलेल्या एका माजी विद्यार्थ्याला मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, "कॉम्प्युटरवर बसायचो." आणि? "ते सांगतील ते टाइप करायचो." अजून खोदल्यावर कळलं की त्याने त्या ऑफिसातल्या जुन्या नोंदवह्या तारीखवार लावून त्यांची यादी केली होती, साहेब फाईल मागायचे तेव्हा यालाच हाक मारायचे. ‘कॉम्प्युटरवर बसायचो’ यात ते कुठे दिसतं का?

याचं कारण असं की काम चालू असताना कुणी लिहून ठेवत नाही. सहा महिन्यांनी आठवतं ते फक्त ‘बसायचो’. म्हणून माझा आग्रह एका वहीचा असतो. रोज रात्री तीन ओळी. आज काय केलं, काय बिघडलं, कुणाला विचारून सुटलं. मराठीत लिहायचं, जशी भाषा येईल तशी. इंग्रजी नंतर. मुलं आधीच इंग्रजी नमुना उतरवतात आणि त्यात हार्डवर्किंग, पंक्च्युअल, टीम प्लेअर हे तीन दगड असतातच. सरावाच्या मुलाखतीत मी एकाला टीम प्लेअर म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "कबड्डी खेळतो बाई." ते खरंही होतं! पण अर्ज कुरियर कंपनीचा होता.

आणखी एक आपल्या भाषेची सवय. मुलं ‘मी’ म्हणत नाहीत. "आम्ही झाडं लावली", "आम्ही कार्यक्रम केला", मुलगे तर "आपण केलं की" म्हणतात. मी मी करू नये हा संस्कार आपणच दिलेला, चांगलाच आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला तू काय केलंस ते हवं असतं. सरावात मी सरळ थांबवते. आम्ही म्हणजे कोण? खड्डे कुणी खणले? रोपं कुणी आणली? तू काय केलंस? "मी टँकरवाल्याला रोज फोन करायचो." बरोबर, हे सांग.

आता प्रमाणपत्रांबद्दल, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आले आणि लगेच ‘सर, तुमच्या ओळखीचं कुठे लेटरहेड मिळेल का’ असे फोनही आले. काकांची फर्म, मित्राचं दुकान, शिक्का मारून दोन महिन्यांचा अनुभव तयार. पालकच करतात हे, मुलाच्या प्रेमापोटी. त्यांना माझं सांगणं असतं की त्या कागदावर एक फोन नंबर असतो आणि तो कधीतरी कुणीतरी लावतो. शिवाय पंचवीस मुलांच्या हातात एकसारखं प्रमाणपत्र आलं की ज्याने खरंच काम केलं त्याच्या कागदाचीही किंमत जाते. खऱ्या मालकाने साध्या कागदावर हाताने लिहून दिलेल्या चार ओळी मला अधिक भरवशाच्या वाटतात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास, कोणती कामं, सही, नाव, फोन. ‘मुलगा होतकरू व चारित्र्यवान आहे’ नसलं तरी चालेल, ‘गल्ला मोजायला देत होतो’ असलं तर उत्तम.

शेवटी, नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर लिहून देते तो अर्जाचा नमुना देत आहे. यात हवा तो बदल करून वापरा. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावा, छापून नेऊ नये.

प्रति,
ग्रंथपाल,
सार्वजनिक वाचनालय (गावाचे नाव)

विषय : दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस काम शिकण्याची संधी मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
मी (नाव) इयत्ता दहावीत शिकत आहे. मी दोन वर्षे आपल्या वाचनालयाचा सभासद आहे. सुट्टीत रोज सकाळी १० ते १ या वेळेत मी येऊ शकतो. पुस्तके जागेवर लावणे, फाटलेल्या पुस्तकांना कव्हर घालणे आणि नोंदवहीत नोंदी करणे ही कामे मला शिकायची आहेत. माझे अक्षर चांगले आहे, आमच्या वर्गाची पेटी-वाचनालयाची वही मी सांभाळतो, ती सोबत दाखवायला आणली आहे. आई-वडिलांची संमती जोडली आहे. काम संपल्यावर मी कोणती कामे केली हे आपण चार ओळींत लिहून दिल्यास आभारी राहीन.
आपला विश्वासू,
(सही)